सामोआ बेटांवरचा बिनभांड्यांचा स्वयंपाक

आमच्या कॉलेजात भूगोलाच्या तासाला मी दरवर्षी नव्या मुलांना एक प्रश्न घालतो. तवा नाही, पातेले नाही, कढई नाही, मातीचे मडकेसुद्धा नाही. घरात वीस माणसे जेवायला आहेत. तर स्वयंपाक कसा कराल? मुले हुशार असतात. एक म्हणतो, "सर, कणसे भाजू." दुसरा म्हणतो, "वांगी आणि रताळी निखाऱ्यात घालू." हुरड्याचे नाव तर निघतेच. एकदा रायगडकडचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "आम्ही पोपटी लावू, सर." सगळा वर्ग खूष झाला. पण मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, पोपटीला मडकं लागतं की!" तो मुलगा बिचारा खाली बसला.

मग मी नकाशा उघडतो आणि त्यांना पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर घेऊन जातो. कारण या प्रश्नाचे उत्तर तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी शोधून ठेवलेले आहे आणि आजही दर रविवारी ते लोक त्या उत्तरावर पोटभर जेवतात.

आज मी तुम्हांला तोच स्वयंपाक समजावून सांगणार आहे. त्यातले दोन-तीन पदार्थ आपल्या घरी कसे करता येतील, तेही सांगेन. आणि शेवटी, १९९३ साली त्या बेटांवरच्या चुलीतला मुख्य पदार्थच कसा नाहीसा झाला, ती हकीकत सांगेन. ती आपल्याही उपयोगाची आहे.

प्रथम हा देश आहे कुठे ते पाहू. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, न्यूझीलंडच्या ईशान्येला, विषुववृत्ताच्या दक्षिणेस तेरा-चौदा अंशांवर ही बेटे आहेत. उपोलु आणि सवाई ही त्यांतली दोन मोठी. राजधानी आपिया. देशाचा सगळा विस्तार आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा अधिक आणि वस्ती दोन लाखांच्या आसपास. शिक्षक मंडळींना आठवत असेल, 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन आयुष्याच्या अखेरीस याच उपोलु बेटावर येऊन राहिला आणि १८९४ साली तिथेच वारला. १९०० ते १९१४ पर्यंत इथे जर्मनांचा अंमल होता, मग न्यूझीलंडचा. आणि १ जानेवारी १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. शेजारची काही सामोअन बेटे अमेरिकेकडे आहेत. आपण बोलतो आहोत ते स्वतंत्र सामोआबद्दल.

ही सगळी ज्वालामुखीची बेटे. जमीन काळ्या दगडाची, पाऊस भरपूर. काळा दगड म्हणजे आपल्या सह्याद्रीचा तोच बेसाल्ट. हवा दमट, समुद्र जवळ, माड हवे तितके. कोकणातल्या माणसाला तिथे नेऊन सोडले तर त्याला फारसे परके वाटणार नाही.

आता गंमत पाहा. या बेटांवर सुमारे अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडून होड्यांतून माणसे आली. येताना ती मडकी घडवण्याची विद्या घेऊन आली होती. त्या मडक्यांची खापरे उत्खननात सापडली आहेत. पण पुढे हळूहळू मडकी घडवणे कमी होत गेले आणि सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ती कला तिथून लोपली असे दिसते. आपण म्हणतो, माणूस पुढे जातो तसतशी त्याची भांडी वाढतात. इथे उलटे झाले. भांडी गेली आणि स्वयंपाक मात्र उपाशी राहिला नाही. कारण त्यांच्यापाशी दगड होते, पाने होती आणि वाफ होती.

या चुलीचे नाव 'उमु'. हिची रीत अशी. पहाटे उजाडण्यापूर्वी घरातले तरुण मुलगे उठतात. हो, मुलगे! उमु लावणे हे तिथे पुरुषांचे काम. जमिनीवर लाकडे आणि नारळाच्या करवंट्या रचायच्या, त्यांवर मुठीएवढे आणि त्याहून मोठे काळे दगड रचायचे आणि जाळ करायचा. तासाभरात लाकडे जळून जातात आणि दगड लालसर तापतात. मग माडाच्या झावळीच्या दांड्याच्या चिमट्याने उरलेली कोलिते बाजूला काढायची आणि दगड सपाट पसरायचे. झाली चूल तयार.

या तापल्या दगडांवर सोललेले अळूचे कंद, हिरवी केळी आणि नीरफणस थेट ठेवतात. त्यांवर पानांत गुंडाळलेले मासे. सणासुदीला डुकराचे पिल्लू असते. सगळ्यांत वर, कमी आचेच्या जागी, पानांच्या नाजूक पुरचुंड्या. मध्ये मध्ये गरम दगड खुपसतात. आणि मग या सगळ्या ढिगावर केळीची आणि नीरफणसाची पाने थरावर थर घालून असे झाकतात की वाफेला बाहेर पडायला वाट राहू नये. पुन्हा तासभर थांबायचे. न्यूझीलंडचे माओरी आणि हवाईचे लोक अशीच भट्टी लावतात, पण ती खड्ड्यात. सामोआची उमु जमिनीच्या वर असते.

हे शिजते कसे? उन्हाळ्यात दुपारभर तापलेला काळा फत्तर दिवेलागणीलाही बसायला चटका देतो, हा अनुभव तुम्हां सर्वांना आहे. दगड उष्णता सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो. जाळ विझल्यावरही तास-दीड तास तो अन्नाला ऊब देत राहतो. आणि पाणी? पाणी वेगळे घालावे लागत नाही. हिरव्या पानांत आणि कंदांत जे पाणी असते त्याचीच वाफ होते आणि पानांच्या थराखाली कोंडून राहते. म्हणजे खालून भाजणे आणि वरून उकडणे अशी दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. आपल्या मोदकपात्राचे तत्त्व आणि आपल्या हुरड्याच्या आगटीचे तत्त्व एकत्र केले की उमु झाली!

रविवारी देवळातली प्रार्थना आटोपून मंडळी घरी आली की ही पाने उघडतात. या दुपारच्या जेवणाला 'तोओनाई' म्हणतात. आधी घरचे वडीलधारे आणि पाहुणे जेवतात, तरुण मुले वाढतात आणि मागून जेवतात. ज्यांनी पहाटे उठून चूल लावली तेच शेवटी बसतात. आपल्याकडेही पूर्वी पंक्तीत वाढणारा शेवटी जेवत असे. पण आपल्याकडे ती पाळी बहुधा आईची येई, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

आता या चुलीवर जे शिजते त्याकडे वळू. वर मी अळू, केळी, नारळ, नीरफणस अशी नावे घेतली. ही सगळी आपल्या ओळखीची, नाही का? अळूला तिथे 'तालो' म्हणतात, केळ्याला 'फाई', नीरफणसाला 'उलु'. यांतले अळू आणि केळी ही आपल्या बाजूच्या, म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या उष्ण प्रदेशांतून बेटाबेटाने होड्यांतून पुढे गेलेली पिके आहेत. बी नव्हे, कंद आणि कोंब न्यायचे. ओल्या पालापाचोळ्यात गुंडाळून, खाऱ्या पाण्यापासून जपत. आपल्या न्हाणीच्या पाटाशी जे अळू कुणी न लावता वाढल्यासारखे वाढते, त्याचेच भाऊबंद हजारो मैलांवर एका देशाचे मुख्य अन्न होऊन बसले आहे.

आपण अळूचे पान खातो आणि कंद क्वचित. तिथे कंद हाच भात आणि हीच भाकरी. त्यांचा कंद आपल्या अळकुडीसारखा सुपारीएवढा नसतो, चांगला नारळाएवढा मोठा असतो. आणि पान? त्याचा ते एक असा पदार्थ करतात की तो खाल्ल्यावर आपल्याला अळूच्या वडीचीही आठवण येईल आणि फदफद्याचीही. त्याचे नाव 'पालुसामी'.

पालुसामी म्हणजे अळूच्या कोवळ्या पानांच्या वाटीत नारळाचा दाट रस भरून केलेली पुरचुंडी. तिथल्या भाषेत 'सामी' म्हणजे समुद्र. मुठभर मीठही विकत न घेणाऱ्या त्या काळच्या लोकांच्या स्वयंपाकाला समुद्राचे खारे पाणीच मीठ पुरवी.

हा पदार्थ मी घरी प्रथम केला तेव्हा माझी जी फजिती झाली ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. परसातली पाने काढली, नारळाचा रस काढला, पुरचुंड्या बांधल्या आणि वीस मिनिटे वाफ दिली. पाने मऊ दिसली. मोठ्या हौशीने पहिला घास घेतला आणि घशात जणू कुणी सुया टोचल्या! आई कोकणातली. ती दारातून बघत होती. हातावर आमसूल ठेवून म्हणाली, "अळू आणि उतावळा माणूस यांचं कधी जमत नाही बाबा."

आईचे म्हणणे शास्त्राला धरून होते. अळूच्या पानांत, देठांत आणि कंदांत कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात आणि त्यांच्याबरोबरचे द्रव्य खाज उठवते. भरपूर वेळ शिजवले म्हणजे ही खाज जाते. आपल्याकडे त्याला चिंचेची, आमसुलाची किंवा अंबाड्याची जोड देतात. सामोआत आंबट काही घालत नाहीत. तिथे सगळा भरवसा वेळेवर. तेव्हा पालुसामी करायची तर घड्याळाकडे न बघता पानाकडे बघायचे.

चार माणसांपुरती कृती अशी. ज्या अळूची भाजी तुमच्या घरी नेहमी होते त्याचीच कोवळी पाने वीसेक घ्यावीत. रानात उगवलेले अनोळखी अळू कधीही घेऊ नये. हाताला तेल लावून देठ आणि पानामागच्या जाड शिरा काढून टाकाव्यात. एक मोठा नारळ खवून, अगदी थोडे कोमट पाणी घालून, फडक्यातून पहिला दाट रस पिळून घ्यावा, वाटीभर निघेल. तिथे हे पिळणे झाडाच्या सालीच्या तंतूंच्या जुडग्यातून करतात. आपले पातळ फडके चालेल. रसात एक कांदा बारीक चिरून घालावा, चवीपुरते मीठ घालावे. झाले, मसाला काही नाही.

आता केळीचे पान विस्तवावर जरा फिरवून मऊ करून घ्यावे, म्हणजे दुमडताना फाटत नाही. डाव्या हाताच्या ओंजळीत अळूची पाने घ्यावीत, मोठे खाली, त्यावर मधले, त्यावर लहान, अशी पाच-सहा. वड्या लावणाऱ्या बायकांना हे सांगायला नकोच. ओंजळीत पानांची वाटी होते. तिच्यात दोन-तीन डाव रस घालावा, पानांच्या कडा वर घेऊन तोंड मिटावे आणि ही पुरचुंडी केळीच्या पानात बांधावी. मोदकपात्रात ठेवून चांगली तासभर वाफ द्यावी; मध्ये एकदा पात्रातले पाणी पाहावे. उघडून पान बोटांत चिमटून बघा. ते लोण्यासारखे दबले पाहिजे. जरा जरी धागा लागला तरी पुन्हा झाकण ठेवा. आतला रस खरवसासारखा घट्टसर होतो. उकडलेल्या अळकुड्यांबरोबर, किंवा आपल्या रीतीने भाताबरोबर, ही पुरचुंडी पानासकट खावी. केळीचे पान अर्थातच टाकायचे!

दुसरा पदार्थ याहून सोपा, 'फाआलिफु'. हिरवी केळी किंवा अळूचे कंद सोलून, मीठ घातलेल्या पाण्यात पुरते उकडावेत आणि पाणी काढून टाकावे. दुसऱ्या भांड्यात नारळाचा दाट रस, चिरलेला कांदा आणि मीठ मंद आचेवर ठेवून हलवत राहावे. रस दाटसर झाला की उकडलेल्या फोडींवर ओतावा. ज्यांच्याकडे केळीचा घड वाऱ्याने अकाली पडतो त्यांनी हा पदार्थ जरूर करून पाहावा. उपासाचा करायचा असेल तर कांदा वगळा. चव थोडी बदलेल, पण बिघडणार नाही.

तिसरा 'ओका'. ताज्या समुद्री माशाच्या लहान फोडी लिंबाच्या रसात घालायच्या आणि मग त्यांत नारळाचा रस, कांदा, काकडी, टोमॅटो, मिरची मिसळायची. विस्तव लागत नाही. लिंबाच्या आंबटपणाने माशाचे मांस पांढरे आणि घट्ट होते, जसे आंबटपणाने दूध फाटते तसे. परंतु श्रोतेहो, इथे मी सावध करतो. लिंबाने मासा शिजल्यासारखा दिसतो, पण लिंबाने त्यातले जंतू आणि कृमी खात्रीने मरत नाहीत. ज्याच्या दारात होडी लागते आणि मासा तडफडत हातात येतो त्याची गोष्ट वेगळी. तळ्यातला, नदीतला किंवा दोन दिवस बर्फात राहिलेला मासा असा कच्चा खाऊ नये. आपण मासा आधी उकडून घ्यावा, काटे काढावेत आणि मग लिंबू आणि नारळाचा रस घालावा. चवीची कल्पना येते आणि डॉक्टरचे दार चुकते.

तीच गोष्ट उमुच्या दगडांची. शाळेच्या सहलीत कुणा उत्साही गुरुजींना उमु लावावीशी वाटेल. लावा; पण ओढ्यातले, नदीतले ओले दगड घेऊ नका. त्यांच्या भेगांतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. कोरड्या जागेवरचे, अनेक दिवस ऊन खाल्लेले, बिनभेगांचे काळे दगडच घ्यावेत आणि मुलांना लांब उभे करावे.

गोडाचेही एक सांगतो. जर्मनांच्या काळात तिथे कोकोचे मळे वाढले. घरोघर कोकोच्या बिया भाजून, कुटून त्यांचे पेय करतात. आणि त्याच भाजलेल्या कोकोत तांदूळ शिजवून, साखर आणि नारळाचा रस घालून जी खीर करतात तिला 'कोको अलाइसा' म्हणतात. अलाइसा म्हणजे तांदूळ. इंग्रजी 'राइस' या शब्दाला तिथल्या जिभेने दिलेले हे रूप. मळ्यांवर मजूर म्हणून चिनी लोक आणले गेले. चिनी शेवयांचा 'सापासुई' आज तिथल्या समारंभांत असतोच असतो. बाहेरचे आले ते सगळेच वाईट, असे मी म्हणत नाही. आपली मिरची आणि आपला बटाटा तरी कुठे इथले आहेत?

पण काही पाहुणे घरच्यांना बाहेर काढतात. अशी एक गोष्ट म्हणजे डबा. तिथे प्रथम डबाबंद अन्न आले त्यात वाटाण्याचे सूप होते. इंग्रजीत 'पी सूप'. त्यावरून 'पिसुपो' हा शब्द झाला आणि पुढे तो डब्यातल्या खारवलेल्या गोमांसालाच लागला. आज लग्नात, मयतात, देवळाच्या कार्यात पिसुपोचे डबे आहेर म्हणून देतात. डबे जितके जास्त तितकी घराची इभ्रत मोठी! त्याच्या जोडीला परदेशांतून स्वस्त, चरबीचे मांस येऊ लागले. त्यात टर्की नावाच्या पक्ष्याच्या शेपटीकडचा निव्वळ चरबीचा भाग होता, जो मूळ देशात फारसे कुणी खात नाही. लोकांच्या प्रकृतीसाठी सामोआ सरकारने २००७ साली त्याच्या आयातीवर बंदी घातली. पण जागतिक व्यापार संघटनेत शिरायचे तर ही बंदी उठवण्याचे कबूल करावे लागले. आणि २०१२ साली देश त्या संघटनेचा सभासद झाला. आज पॅसिफिकमधल्या बेटांवर स्थूलपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असणाऱ्यांत गणले जाते. नारळाचा रसही काही हलका नव्हे, हे खरे. पण जो तो खाई तो पहाटे लाकडे फोडी, माडावर चढे, शेतात राबे आणि होडी वल्हवी. डबा उघडायला काहीच करावे लागत नाही.

आता तुम्हांला सुरुवातीला कबूल केलेली गोष्ट.

१९९३ सालापर्यंत अळूचा कंद सामोआचे अन्नही होता आणि परदेशी पाठवायचा मुख्य मालही. न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेत पुष्कळ सामोअन लोक राहतात. त्या देशाच्या वस्तीहून अधिक सामोअन लोक आज देशाबाहेर आहेत. त्यांना आपल्या बेटाचा कंद हवा असे. बाजारात एका विशिष्ट वाणाला भाव चांगला मिळे. साहजिकच जो तो तोच वाण लावू लागला. डोंगरउतारावर जिकडे पाहावे तिकडे एकच अळू. एकाच कंदाचे कोंब काढून लावलेले, म्हणजे सगळी झाडे एकमेकांची हुबेहूब नक्कल.

आणि १९९३ साली पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागले. ठिपक्यांचे चट्टे झाले, चट्ट्यांची भोके झाली आणि आठवडाभरात पान गळून पडू लागले. हा फायटोफ्थोरा जातीचा करपा. कोकणातल्या बागायतदारांना या घराण्याची ओळख आहे. सुपारीवर पावसाळ्यात जो कोळेरोग पडतो तो याच कुळातला. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ पाडणाराही याच कुळातला. दमट हवा, रात्रीचा पाऊस आणि एकाच वाणाची रांग म्हणजे या रोगाला मोकळे रान. एका झाडाला जे झाले ते सगळ्यांना झाले, कारण झाडे निरनिराळी नव्हतीच. वर्षभरात कंदांची निर्यात जवळजवळ थांबली. घरोघरच्या उमुवर केळी आणि नीरफणस उरले. पालुसामीला पाने मिळेनात. ज्यांना ते परवडले त्यांनी पिसुपोचा डबा आणि तांदळाची पिशवी उघडली.

पण लोक हात जोडून बसले नाहीत. आपियाजवळच्या आलाफुआ येथे दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाचे शेतकी केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि शेतीखात्याने निरनिराळ्या ठिकाणचे अळू गोळा केले. पलाऊचे, मायक्रोनेशियाचे, पुढे आग्नेय आशियातलेही. त्यांचा संकर केला, रोपे शेतकऱ्यांना वाटली. शेतकऱ्यांनी ती आपल्या शेतात लावली, कोणती तगतात ते पाहिले, आणि, हे मला फार आवडले, उकडून चाखून निवडली. रोगाला टिकते पण तोंडात बेचव लागते, असे अळू काय कामाचे? दीड-दोन दशके हे काम चालले. २०१० च्या सुमारास सामोआचे कंद पुन्हा परदेशी जाऊ लागले. घरच्या पुरचुंडीला तर पाने त्याआधीच आली होती.

या कामात एक गोष्ट उघड झाली. होड्यांतून पॅसिफिकमध्ये गेलेले अळू थोड्याच वाणांचे होते. आशियातल्या अळवांत वैचित्र्य पुष्कळ. रोगाशी झुंजणारे गुण तिकडून आणावे लागले. म्हणजे कुणाच्या तरी परसात, पाटाच्या कडेला, कुणी दुर्लक्षिलेले एक अळू होते, म्हणून दुसऱ्या देशाच्या ताटात अन्न आले.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक सुचवावेसे वाटते. या पावसाळ्यात मुलांना आपल्या गावातली अळवे मोजायला लावा. काळ्या देठाचे किती, हिरव्या देठाचे किती, वडीचे कुठले, भाजीचे कुठले, कंदाचे कुठले, कुठले खाजते आणि कुठले नाही. आजीला विचारले तर तिला प्रत्येकाचे नाव आणि गुण ठाऊक असतात. ती नावे वहीत लिहून घ्या आणि प्रत्येक वाणाचा एक-एक कंद शाळेच्या हापशीजवळच्या ओल्या जागी लावा. खर्च काही नाही. करपा आपल्या देशातही अळूवर पडतो. उद्या गावात एकच वाण उरला आणि तोच रोगाला बळी पडला, तर नवा कंद मागायला जायचे कुठे?

आणि रविवारी एखादी पालुसामी लावा. मुलग्यांना खवणीवर बसवा, पाने धुवायला लावा, पंक्तीत वाढायला लावा. सामोआतले मुलगे करतात, आपल्या मुलग्यांचेही हात झिजणार नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा. पुरचुंडी उघडण्याची घाई करू नका. आमच्या आईचे म्हणणे मी तुम्हांला सांगितलेच आहे.